बांधावरच्या देवापाशची माती

पहिल्याच तपासणीत माती चुनखडीची निघाली, तर नवऱ्यामागे राहिलेलं सायखेड्याचं रान विकायला सही देईन, असा शब्द यशोदाबाईंनी दिराला देवासमोर दिला होता.

प्रयोगशाळेतल्या मॅडमनी मातीवर आम्लाचे थेंब सोडले, तशी ती चुनखडीसारखी फसफसून वर आली.

"काकू, माती कुठली काढली?"

"बांधावरच्या देवापाशची."

"तिथं रांगोळी घालता? तुमच्या रांगोळीतच चुनखडी असणार. दुसरी माती आणा."

यशोदाबाईंचा जीव भांड्यात पडला.

"कशाला?" सोबत आलेला दीर बहिरू हसला. "वहिनी, तुम्ही तिथलीच माती उचलणार, म्हणून तर तुम्हाला काढायला लावली. शब्द पहिल्या तपासणीचा होता ना? का आता देवालाही फसवायचं?"

ओठातल्या ओठात जप करत यशोदाबाईंनी त्यानं पुढं केलेल्या विक्रीच्या कागदावर सही केली.