बुरुजावर राहिलेला चष्मा

मी चष्मा बोलतोय. जुना, तपकिरी, उजव्या काडीला काळा दोरा गुंडाळलेला. माझी मालकीण शिवणकाम करते, त्यामुळे काडी मोडली तेव्हा तिने मला दुकानात न नेता कोटाची बटणं लावायच्या दोऱ्याने घट्ट बांधलं.

तिची भाची तिला आत्या म्हणते, म्हणून मीही म्हणतो. सुई ओवताना आत्या मला कपाळावर चढवते आणि नंतर घरभर शोधते. आपल्याच डोक्यावरची वस्तू माणसं दुसऱ्यांना का विचारतात, हे मला अजून कळलेलं नाही.

तिच्या शिवणयंत्राशेजारी भिंतीवर एका जुन्या कॅलेंडरचं पान होतं. त्यावर परदेशातला डोंगरमाथ्यावरचा दगडी किल्ला. वर्षं उलटली, पण पान तिने काढलं नाही. त्याच मुलखात राहायला गेलेल्या भावाने एक दिवस तिला बोलावलं, तेव्हा ती त्या पानाकडे बघत बराच वेळ मशीन न चालवता बसली.

प्रवासासाठी तिने नवा चष्मा केला. सोनेरी. वरच्या भागातून लांबचं दाखवणारा, खालच्या भागातून जवळचं. चष्मेवाल्याने बजावलं होतं, आधी घरात घालून सवय करा. पण आत्याने तो मखमली पेटीत ठेवला. नवे कप, नवी चादर, सगळं ती असंच जपून ठेवते.

"फोटोपुरता घालीन," ती म्हणाली. "फिरायला हा आहेच."

हा म्हणजे मी. मला बरं वाटलं आणि धाकधूकही. पेटीतला तो एक दिवस माझी जागा घेणार, हे मला दिसत होतं. दिसणं हेच तर माझं काम.

तिथल्या गल्ल्या अरुंद आणि दगड झिजून गुळगुळीत झालेले. आत्या प्रत्येक पाऊल माझ्यातून बघून टाकायची. भाऊ चिडवायचा की ताई, इथल्या संग्रहालयाला तुझा चष्मा देऊन टाकू. मग मलाही ठेव त्याच्याशेजारी, असं आत्या म्हणायची. खऱ्या संग्रहालयात मात्र ती तलवारी सोडून एका सरदाराच्या अंगरख्यापाशी थांबली.

"टाके बघ गं," ती भाचीला हळूच म्हणाली. "घाईत शिवलाय."

शेवटी आम्ही त्या कॅलेंडरातल्या किल्ल्यावर पोहोचलो. सर्वांत उंच बुरुजावर भावाने फोटो काढायला घेतला. आत्याने मला कठड्यावर ठेवलं आणि सोनेरी चष्मा घातला. फोटो निघाला, तेवढ्यात रखवालदाराने शिट्टी वाजवली. दरवाजा बंद व्हायची वेळ झाली होती. सगळे घाईने निघाले आणि मी तिथेच राहिलो.

वारा मला कडेकडे ढकलत होता. पण भीती त्याची नव्हती. खालच्या उभ्या पायऱ्यांना कठडा नव्हता, आणि आत्या खाली बघत होती ती नेमकी जवळच्या काचेतून. मला सगळं दिसत होतं, हाक मारता येत नव्हती. ती एक पायरी उतरली. दुसरीला तिचं पाऊल हवेतच अडखळलं. मग ती भिंतीला धरून मटकन खाली बसली.

भाऊ परत वर आला. "ताई, ऊठ ना. दार लावतायत."

"पायऱ्या हलतायत रे," आत्या म्हणाली.

मागे माणसं खोळंबली. कोणी सुस्कारे टाकले. तेव्हा भाची आत्याजवळ वाकली. "आत्या, तुझा चष्मा कुठंय?"

"हा काय, नाकावर."

"तुझा गं," भाची म्हणाली आणि गर्दी चिरत वर धावली. रखवालदार आडवा आला. तिने नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं. मला उचलून तिने खाली आत्याच्या नाकावर चढवलं.

मग मी आत्याला एकेक पायरी दाखवत खाली आणलं.

घरी आल्यावर आत्याने सोनेरी चष्मा पेटीतून काढला आणि मशीनवर बसताना घातला. सुरुवातीला चक्कर आली, तिरक्या शिवणी उसवाव्या लागल्या. आता सवय झाली. मखमली पेटीत हल्ली मी असतो. झाकण वाजलं की धडकी भरते, पुसायला काढतेय की टाकायला?

तुमच्या कपाटातही एखादी नवी वस्तू चांगल्या दिवसाची वाट बघत असेल. तिला बाहेर काढा, हाताला तिची सवय होऊ द्या. पण जुनीला लगेच टाकू नका.

कॅलेंडरच्या पानाशेजारी आता तो फोटो आहे. आत्या सोनेरी चष्म्यातून हसते आहे, आणि मागे कठड्यावर, नीट बघितलं तरच दिसेल, मी आहे.