वय विचारतील म्हणून

कुरुंद्यात सोजराबाईंच्या अंगणात सकाळपासून हळद शिजत होती. धाकटी सून सृष्टी सातव्या महिन्यातली. वय जेमतेम सतरा. चुलाण्याजवळ वाकताना तिच्या पायांवरून कोमट पाणी ओघळलं. घाबरून ती थोरल्या जावेकडे, संगिताकडे गेली.

"अक्का, पातळ भिजलं. लघवी न्हाई ही. थांबूनच न्हाई राहिलं."

संगितानं लगेच सासूला गाठलं. "आत्याबाई, हिला आत्ताच दवाखान्यात न्यावं लागतंय."

"हळू बोल," सोजराबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "तिथं आधार कार्ड मागतेत. वय कळलं म्हंजे विकासवर केस व्हईल. अन् उद्या डोहाळजेवण हाय. सातव्यात जातंय थोडं पाणी."

विकासनं, सृष्टीच्या नवऱ्यानं, मान खाली घातली. "दोन दिवस बघू," एवढंच तो बोलला.

दुसऱ्या दिवशी कापडाच्या घड्या घेऊन, हिरवी साडी नेसून सृष्टी पाटावर बसली. बायका ओटी भरत होत्या, गाणी म्हणत होत्या. ती थंडीनं कुडकुडत होती. कुणीतरी हसून म्हणालं, "लाजून राहिली पोरगी!"

संध्याकाळी अंग तव्यासारखं तापलं. पाण्याला घाण वास येऊ लागला. सकाळ उजाडेपर्यंत ती बरळायला लागली, तेव्हा कुठे जीप निघाली. आधी वसमत, तिथून नांदेड.

बाळ जन्मलं, पण रडलंच नाही. डॉक्टरीणबाईंनी संगिताला बाजूला घेतलं.

"पाण्याची पिशवी म्हणजे बाळाचं कवच. ती फुटली की जंतू वर चढतात. आईचं शरीर त्यांच्याशी लढतं, म्हणून ताप येतो. जंतू रक्तात भिनले की ती लढाईच शरीराला जाळायला लागते. फुटल्याबरोबर आणलं असतं, तर औषधं सुरू केली असती."

दुसऱ्या दिवशी सृष्टी गेली. गावात सगळे म्हणाले, नशीब.

दोन महिने उलटले नाहीत तोच विकाससाठी मुलगी पाहायला सगळे जवळा बाजार या गावी गेले. मुलीचे वडील नरसिंग अदबीनं बसले होते. पुजा चहाचा ट्रे घेऊन आली.

"कितवीत हायस, बाई?" संगितानं विचारलं.

"दहावीत."

संगितानं कप खाली ठेवला. "भाऊ, आमच्या सृष्टीचं पाणी गेलं तवा वय विचारतील म्हणून आमी तिला दवाखान्यात न्हाई नेलं. लेकरू गेलं, तीबी गेली. अन् तुमी हिला त्याच घरात देऊन राहिले?"

"वहिनी, चूप बसा!" विकास ओरडला.

पुजाच्या आईनं उठून लेकीच्या हातातला ट्रे काढून घेतला आणि तिला आत पाठवलं.

रस्त्यावर येताच सोजराबाई उसळल्या. "आता माझ्या घरात पाय ठिवू नको!"

"ते घर माझंबी हाय, आत्याबाई. मी येणार," संगिता म्हणाली. "अन् तुमी पुन्हा अशीच शाळेतली पोरगी बघायला निघालात, तर तिथंबी येणार."