बी आला तर होकार

दादाच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. शिंपीकाका, नर्सबाई, इस्त्रीवाला, सगळे टाचा उंचावून उभे. कशासाठी म्हणाल, तर वारलेले बाबा उत्तर देणार होते!

बाबांनी आपला आवाज भरून ठेवलेला एक पेनड्राइव्ह घरात होता. दादा तो कपाळाला लावी, डोळे मिटे, "यंत्राला शांत करतो" म्हणत कॅबिनेटच्या पाठीवरून हात फिरवी आणि मग ड्राइव्ह पुढून खोची. पडद्यावर एकच ओळ उमटे. यंत्राने त्या ड्राइव्हला दिलेलं नाव तिच्यात असे. एसडीबी आलं तर बाबांचा होकार, एसडीसी आलं तर नकार.

"शरीर म्हणजे हार्डवेअर. ते गेलं," दादा घसा खाकरून सांगे. "पण डेटा? डेटा कुठं जातोय?"

आणि भलेभले माना डोलवीत. घ्या!

दादाच्या धाकट्या बहिणीला मात्र यातलं काही गोड लागत नव्हतं. परगावच्या इस्पितळात एक्स-रे काढायच्या कामावर तिची निवड झाली होती. आईने बाबांना विचारायला लावलं. सी. पुन्हा विचारलं. सी.

"त्यांच्या मनात नाही, तर नको जाऊस गं," आई म्हणाली.

जिवंतपणी 'शिक, बाहेर पड' म्हणून मागे लागणारे बाबा असे कसे फिरले? धाकटीला बाबांचा राग आला आणि मेलेल्या माणसावर रागावल्याची लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी दादा गिऱ्हाइकाकडे गेला, तेव्हा तिने स्वतःच ड्राइव्ह खोचला. बी. काढून पुन्हा खोचला. पुन्हा बी.

"आता हो म्हणताय होय?" तिला रडूच कोसळलं. पण बाई पडली एक्स-रेवाली, एका फोटोवर भागायचं नाही. शिंपीकाकांचा ड्राइव्ह दुरुस्तीला आला होता. तो आधी लावला, मग बाबांचा. बाबांना सी! उलटं केलं, तर बाबांना बी आणि शिंपीकाकांना सी. तिने कॅबिनेटच्या मागे हात घातला. तिथे नखाएवढा एक ड्राइव्ह अर्धवट बाहेर ओढून ठेवलेला होता. बोटाने ढकलला की आत, ओढला की बाहेर.

म्हणजे पाठीवरून हात फिरवताना दादाच तो आत ढकलत होता. तापात रात्ररात्र उशाशी बसणारा तिचा दादा! कुणा भोंदूने फसवलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाली असती.

संध्याकाळी गर्दी जमल्यावर तीच पुढे झाली. शिंपीकाकांचा ड्राइव्ह लावला. बी.

"काका, तुमच्या लेकीच्या लग्नाचे फोटोसुद्धा होकार देतायत बरं का!"

लोक हसले. तिने तो काढला, मागचा नखाएवढा आत ढकलला आणि बाबांचा लावला. सी. दोन्ही काढून बाबांचा एकटाच लावला. बी.

"यंत्र येईल त्याला ओळीने नाव देतं, एवढंच. आतली डिस्क ए, नंतर जो आला तो बी, त्याच्यानंतरचा सी. बाबांच्या आधी गुपचूप कुणाला आत घ्यायचं, ते दादाच्या हातात."

दादाचा चेहरा पडला. "तू गेलीस तर आईला कोण बघणार? मला एकट्याला झेपलं नसतं गं."

"मग तसं सांगायचंस! भांडलो असतो. बाबांना कशाला मध्ये घातलंस?"

तेवढ्यात आई पुढे आली.

"त्या दिवशी मी मनातल्या मनात विचारलं, तेव्हाही तूच?"

"तू रडत होतीस आई. म्हणून बी दिला. काय विचारलंस ते मला कुठं माहीत होतं?"

"ते गेले तेव्हा माझा डोळा लागला होता. माफ केलंत का, म्हणून विचारलं होतं." आई म्हणाली. "तेव्हापासून कुठे मला झोप लागायला लागली होती रे."

नर्सबाईंनी आईला खुर्ची दिली, पण आई बसली नाही.

"ऐका रे सगळे," ती म्हणाली. "मेलेलं माणूस हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. आपल्याला उत्तर हवं असतं, म्हणून आपण फसतो. मी फसले. तुम्ही आधी दाखवणाऱ्याचा हात कुठे जातोय ते बघा. बघायला लाजू नका, तो घरचा असला तरी."

मग ती लेकीकडे वळली.

"तू जा. हे मी सांगतेय."