साखर पाजली

"अर्धवट शुद्धीतल्या माणसाला एवढं तोंड नसतं," मावशी म्हणाली.

"कप रिकामा आहे," मी खुर्चीत पडल्यापडल्या म्हणालो.

"सराव आहे. सरावात रिकामाच असतो. गप पड."

मावशी दातांची डॉक्टर. शाळेने मला सोडलं की मी शाळेला, यावर घरात अजून एकमत नाही, तोवर आईने मला मावशीच्या दवाखान्यात डकवलंय. काम काय, तर महिन्यातून एकदा मरायचं. पहिल्या सोमवारी दुपारी पेशंट नसताना तातडीच्या प्रसंगाचा सराव असतो; त्यात मी कधी चक्कर येऊन पडतो, कधी छाती धरतो, कधी माझ्या रक्तातली साखर उतरते. असिस्टंट ताई धावते. रिसेप्शनवाले काका घड्याळ बघून फॉर्मवर खूण करतात.

आधी कपात खरं साखरेचं पाणी असायचं. ते एकदा माझ्या शर्टावरून खुर्चीत सांडलं, मुंग्या झाल्या, आणि एका बाईंची दाढ भरताना एक मुंगी त्यांच्या हनुवटीवर फिरायला निघाली. तेव्हापासून ताई रिकामा कप माझ्या ओठांना लावते, तिरका करते आणि मोठ्याने म्हणते, "साखर पाजली." काका म्हणतात, "तीन वाजून सहा." दहा सेकंदांत मी ठणठणीत.

"आणि खरंच कोणी पडलं तर?" मी विचारलं.

"तर साखर घालू कपात. आम्ही काय वेडे आहोत?" ताई म्हणाली.

"दिसता तर तसेच."

मावशीने दार दाखवलं. मी म्हणालो, शोधा दुसरा मेलेला, आणि निघालो. रागात जाकीट तिथेच राहिलं.

गुरुवारी ते न्यायला गेलो. फक्त जाकीट, बोलायचं नाही असं ठरवून. खुर्चीत कोपऱ्यावरच्या दुकानातले चष्मेवाले होते. मधुमेहाचे जुने गिऱ्हाईक. दाढ काढायच्या धास्तीने सकाळपासून घास घेतला नव्हता, गोळी मात्र वेळेवर घेतलेली. सुई दिसायच्या आधीच घामाने भिजले, हात थरथरायला लागले, आणि मावशीला म्हणाले, "आई, शटर ओढून घे."

मावशीने लगेच ओळखलं, तेवढं मानतो. "साखर उतरलीय. गिळता येतंय ना तुम्हाला? काका, अँब्युलन्सला फोन लावा. ताई, साखर."

ताई धावली. कप उचलला, ओठांना लावला, तिरका केला. "साखर पाजली."

"चार वाजून बारा," काका एका कानाला फोन लावून म्हणाले, आणि खूण केली.

चष्मेवाल्यांनी घोटसुद्धा गिळला. कसला, ते त्यांनाच ठाऊक. मावशी नाडी धरून घड्याळ बघत उभी. तिघंही माणूस दहा सेकंदांत बरा व्हायची वाट बघत होते. सवय मीच लावलेली.

"कप रिकामा आहे," मी दारातून म्हणालो.

"तू मधे बोलू नको," ताई म्हणाली. मग तिने कपात बघितलं, आणि तिथेच थिजली.

चष्मेवाल्यांची मान कलत होती. मी भिंतीवरची तातडीची पेटी उघडली. ग्लुकोजचा पुडा होता, पण काकांनी त्याला चारी बाजूंनी चिकटपट्टी मारलेली, तपासणीला कोरा दिसावा म्हणून. नखाने निघेना. दाताने फाडला. अर्धी पावडर जमिनीवर, अर्धी कपात, वर नळाचं पाणी, आणि चमचा कोण शोधतंय, बोटानेच ढवळलं. मावशीने कप हिसकावला आणि घोट घोट पाजलं. या वेळी कोणी मोठ्याने काही म्हणालं नाही.

दहा सेकंद झाले. काही नाही. मिनिट झालं, पाच झाली. दहाव्या मिनिटाला चष्मेवाल्यांनी डोळे किलकिले करून माझ्याकडे पाहिलं.

"याने बोट धुतलं होतं का?"

अँब्युलन्स त्यांना तपासायला घेऊन गेली. मावशीने फॉर्मवरची काकांची खूण खोडली, जोरात, कागद फाटेपर्यंत. मग माझ्याकडे वळली. आता शाबासकी येणार म्हणून मी जरा ताठ उभा राहिलो.

"दाताने पुडे फाडायचे नसतात. आ कर, बघू दे, हलतोय का."

ताई हात धुवायच्या बेसिनपाशी पाठमोरी उभी होती. तिच्यासाठी तयार केलेला टोमणा मी गिळला.

आज पुढच्या महिन्यातला पहिला सोमवार. पुड्यावरची चिकटपट्टी गेली, कपात सहा चमचे साखर आहे, आणि तो रिकामा होईपर्यंत बरं व्हायचं नाही अशी मावशीची तंबी आहे. मुंग्यांचं काका बघतील. ताई हाका मारतेय, तीन वाजले. मला निघायला हवं.