उपाशी हातातला मुद्गल

मी बोलायला लागलो म्हणून दचकू नका. पांढुर्ण्यात भाऊरावांच्या ओसरीवर दाराला टेकून उभा असलेला जाडजूड मुद्गल, तो मीच. माझ्या वजनाचा मला गर्व आहे, हे आधीच सांगून टाकतो.

मोहगावच्या एका सुतारानं मला बाभळीच्या खोडातून घडवलं. खाली जाड, वर मुठीत मावेल एवढा बारीक. भाऊराव तेव्हा ऐन विशीत होते. तालमीत ते मला खांद्यावरून पाठीमागे घुमवायचे. एका उन्हाळ्यात त्यांचे दंड असे भरले, की सदऱ्याच्या बाह्या उसवाव्या लागल्या. जेवण वेळेवर मिळो न मिळो, सकाळी गडी पुन्हा ताजातवाना. हे सगळं माझंच कर्तृत्व, असं मला वाटायचं.

पुढे ते तिगाव स्टेशनवर पॉइंटमन झाले. रुळांचे सांधे बदलायचे जड दांडे ओढून घरी आले, की माझ्याकडे कोण बघणार? त्यांच्या पत्नीनं, यमुनाबाईंनी, मला दाराला टेकण म्हणून लावलं. वाऱ्यानं दार आपटू नये, एवढीच माझी नोकरी. राग आला होता, पण करतो काय!

भाऊराव रिटायर झाले, साठी ओलांडली. १९८४च्या दसऱ्यानंतर धाकट्या मुलीचा, मंगलाचा साखरपुडा सौंसरला झाला. तिथं जेवणं झाली, पंगत उठली, आणि भाऊराव काही उठेनात. गुडघ्यांवर हात रोवून पाहिले. शेवटी दोघा सोयऱ्यांनी काखेत हात घालून त्यांना उभं केलं. कोणीतरी हसलंही म्हणे. घरी आल्यावर मुलगा वसंत म्हणाला, "बाबा, लग्नात तुमच्यासाठी बाजूले खुर्ची-टेबल लावून देतो."

"व्याही खाली पाटावर आन् मी खुर्चीवर? पोरीच्या लग्नात मी पंगतीतच बसीन, आन् आपल्या पायानं उठीन."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला उचललं. मी हरखलो! पण म्हातारबुवांनी एकदम जुन्या थाटात घुमवलं, आणि खांदा धरून मटकन खाली बसले. वसंत धावत आला. "ह्या वयात हे काय करून राहिले तुम्ही?"

मी पुन्हा दाराशी. खांदा बरा झाल्यावर तालमीतून एक हलका मुद्गल आला, आणि ओसरीच्या खांबाला धरून उठबशा सुरू झाल्या. त्या पोरकट मुद्गलाचा मला भारी हेवा वाटला.

दिवाळी गेली, संक्रांत आली. भाऊराव एक दिवस खाडा करत नव्हते, तरी मांड्या तशाच काटकुळ्या, आणि खांब काही सुटेना. मला कोडंच पडलं. तरुणपणी तर एवढ्यात बाह्या उसवल्या होत्या!

कोडं उलगडलं यमुनाबाईंना. रिटायर झाल्यापासून भाऊरावांनी सोमवार, गुरुवार, एकादशी, चतुर्थी असे सगळे उपास धरले होते. एरवीही रात्री नुसतं ताक. म्हातारपणी हलकंच खावं, असं घरात सगळेच मानत, यमुनाबाईही. पण एका उपासाच्या दिवशी साबुदाण्याची ताटली पुढे ठेवता ठेवता त्या थबकल्या.

"उपाशीपोटी उठबशा काढता, त मांडीवर मास कुठून चढंन? जवान होते तवा निभलं. आता अंग मागते दुप्पट, आन् तुम्ही देता अर्धं."

"देवाले शब्द देला हाये."

"देवाले मी समजावीन. तुम्ही जेवा."

उपासांतली एकादशी तेवढी राहिली. ताटात तुरीचं घट्ट वरण, भिजवलेले चणे, रात्री भाकरीबरोबर दूध. शिवाय बाईंनी रोजची मेहनतही बंद केली, एक दिवस आड केली. थकलेलं अंग आता एका रात्रीत सावरत नाही, हे त्यांनी बरोबर हेरलं. होळीनंतर भाऊराव खांब सोडून उठू लागले. बाह्या काही उसवाव्या लागल्या नाहीत, पण धोतराखाली पोटऱ्या घट्ट दिसू लागल्या.

वैशाखात लग्न लागलं. पंगत आमच्याच अंगणात, ओसरीसमोर. भाऊराव व्याह्यांशेजारी पाटावर बसले. जेवणं आटोपली. व्याह्यांनी हात पुढे केला. भाऊरावांनी नमस्कार करून तो नाकारला, एक हात आपल्याच गुडघ्यावर ठेवला आणि हळूहळू सरळ उभे राहिले. कोणाचं लक्षसुद्धा गेलं नाही. वरणाचं भांडं घेऊन उभ्या असलेल्या यमुनाबाई मात्र पदरानं डोळे पुसत होत्या.

याला आता तीन वर्षं झाली. मला घुमवणं त्यांना पुन्हा जमलं नाही, जमणारही नाही. पण एक दिवस आड ते मला दोन्ही हातांनी छातीशी धरतात आणि पाटावरून उठतात. मी सुखात आहे.

एवढंच मागतो. तुमच्या घरातलं कोणी म्हातारं माणूस वजन उचलताना दिसलं, तर ते हातातून काढून घेऊ नका. जड असेल तर हलकं द्या, आणि मायेनं विचारा, "पोटभर जेवलात ना?"