विभूतीची सुट्टी

धाकट्या जावेच्या, शिवानीच्या भुवया पाहिल्या की माझ्या पोटात दुखायचं. लातुरातल्या एका पार्लरमधून तिनं सुईनं रंग भरून कायमच्या भुवया करून आणल्या आणि आख्खी गल्ली कौतुक करायला लागली. तेही मी गिळलं असतं. पण खपली पडेपर्यंत कपाळाला काही लावायचं नाही, असं तिनं सांगितलं आणि आमच्या सासूनं, आत्याबाईंनी, तिला चक्क विभूतीची सुट्टी दिली!

आमच्याकडं सकाळची पूजा झाली की आत्याबाई घरातल्या प्रत्येकाच्या कपाळावर तीन बोटांनी विभूती ओढतात. मी तापानं फणफणले होते तेव्हाही मला उठवून लावली होती. आणि ही बया नुसतं बोलली की मोकळी.

माहेरी नांदेडला गेले, तेव्हा मीही भुवया करून घेतल्या. तिथल्या पंचशीलाचं पार्लर स्वच्छ. तिनं हातमोजे घातले, सुईचं बंद पाकीट माझ्या डोळ्यांदेखत फोडलं आणि काम झाल्यावर बजावलं, “ताई, ही जखम हाय. खपली पडेपर्यंत तेल न्हाई, पावडर न्हाई, हात बी लावायचा न्हाई.”

“हाव,” मी म्हणाले. सगळं समजलं होतं मला.

दुसऱ्या दिवशी लातूरला पूजेनंतर आत्याबाईंचा हात माझ्या कपाळापाशी थबकला.

“तू बी करून आलीस? मंग इबूत ऱ्हाऊ दे का?”

मी हो म्हणणारच होते. तेवढ्यात शेजारून शिवानी मला म्हणाली, “नका लावून घेऊ, अक्का. पिकंल.”

झालं! ही मला शिकवणार?

“लावा आत्याबाई,” मी कपाळ पुढं केलं. “मला न्हाईत असले लाड लागत.”

सलग तीन सकाळी लावून घेतली. चौथ्या दिवशी उजवी भुवई पिकली, पापणी सुजून डोळा मिटला. दवाखान्यात आत्याबाई सोबत आल्या. डॉक्टर कडाडले, “डोळ्याच्या इतक्या जवळ पू झालाय! जखमेवर राख कुणी लावली?”

“म्या लावली,” आत्याबाई खाली मान घालून म्हणाल्या.

“मीच लावून घेतली,” मी म्हणाले. तेवढी लाज शिल्लक होती अजून.

औषधानं सूज उतरायला लागली. दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर आत्याबाई माझ्या खाटेपाशी आल्या. त्यांनी हात धुवून पुसले, कपाळाकडं पाहिलंसुद्धा नाही. अलगद माझ्या गळ्यावर विभूतीची तीन बोटं ओढली.

“कपाळ बरं होईस्तोवर हितंच लावत जाईन,” त्या म्हणाल्या आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

दारात शिवानी उभी होती.

“माझ्या वक्ताला गळ्याला लावायचं न्हाई सुचलं, आत्याबाई? मला नुसतंच सोडून दिलं.”

माझा एक डोळा मिटलेला होता. तरी तिचं उतरलेलं तोंड मी डोळा भरून पाहिलं.