काचेआडचा इनहेलर

मी एक इनहेलर बोलतोय. कुलूपबंद काचेच्या कपाटातून बोलतोय, म्हणून जरा कान देऊन ऐका. माझ्या पोटात कॅप्सूल ठेवायची, मला फिरवायचं आणि तोंडाला लावून आतली पावडर श्वासाने ओढायची. दम्याच्या माणसाला एवढं शिकवायला दोन मिनिटं लागतात.

पेशंटशी कसं बोलावं हे पोरांना शिकवण्यासाठी मला नाशकातल्या एका फार्मसी कॉलेजात आणलं. तपासणीची समिती येणार असली की कुलूप निघतं, एरवी नाही. मला रोज भेटायची ती कपाट पुसणारी ठमाबाई. मखमलाबादहून यायची, जिना चढला की धापा टाकायची. एकदा कपाट उघडं दिसलं म्हणून तिने हात पुढे केला, तर सर म्हणाले, "मावशी, हात लावू नका. डेमोचा आहे."

गेल्या तपासणीला खोटा पेशंट हवा होता. सरांनी तिलाच खुर्चीत बसवलं आणि बजावलं, "फक्त हो म्हणायचं." रुद्र नावाच्या विद्यार्थ्याने मला हातात धरून पाठ केलेलं सगळं इंग्रजीत म्हटलं. कॅप्सूल गिळू नये, हेसुद्धा. शेवटी तेवढं मराठीत विचारलं, "समजलं ना, मावशी?"

"हो सर."

समिती खूश होऊन चहाला गेली. ठमाबाईने पिशवीतून कॅप्सूल काढली. माझ्यात घालायची तीच, मी लगेच ओळखली. "गोळीची येळ झाली," ती म्हणाली. रुद्र मनाचा चांगला. न बघताच त्याने आपली पाण्याची बाटली पुढे केली. तिने कॅप्सूल गिळली. मी टेबलावर हातभर अंतरावर होतो. डोकं असतं तर आपटून घेतलं असतं. ज्यांना होतं त्यांनी ते वापरलं नाही.

दिवाळीनंतर ती यायची बंद झाली. मग एक दिवस तिची मुलगी प्रतिभा आली. हातात माझ्यासारखाच इनहेलर, वरचं प्लास्टिकही न फाडलेलं.

"आईचं तेरावं झालं काल. दुकानदारानं गोळ्यांसंगं हे दिलं व्हतं. म्हणायची, महागाचं हाय, लय त्रास झाला तर काढू. गोळी मात्र एकबी चुकवली नाय तिनं. तुमच्या पोरांच्या कामाला येईल."

रुद्रने आपली पाण्याची बाटली पाठीमागे धरली. सरांनी नोंदवहीत लिहिलं, 'डेमो इनहेलर, एक नग, देणगी.'

आता कपाटात आम्ही दोघं आहोत. पोरांनो, उद्या दुकानात उभे राहाल तेव्हा "समजलं ना?" असं विचारू नका. आपल्या माणसांना हो म्हणायची सवय असते. वस्तू त्यांच्या हातात द्या आणि म्हणा, करून दाखवा. ठमाबाईने पाच वर्षं माझी काच पुसली. मला हातात घ्यायला तिला एकदाही मिळालं नाही.